सात बिया आणि चाळणी

हजहून परतलेल्या माणसाला भेटायला गेलो की आपल्या हाती खजूर आणि झमझमचे पाणी येते. सतराव्या शतकात एका हाजीने याहून वेगळी भेट आणली, असे कर्नाटकातील चिकमगळूरच्या डोंगरांत सांगतात. बाबा बुडन या सूफी संताने येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चंद्रगिरीच्या उतारावर लावल्या. तो डोंगर आज बाबाबुडनगिरी म्हणून ओळखला जातो. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. पण अभिमान म्हणजे इतिहास नव्हे. कथाही चाळून घ्यावी लागते.

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाच्या जंगलातले. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहायला तिचा कहवा पीत. कर्मठांना ते खपले नाही. १५११ मध्ये मक्केचा अधिकारी खैर बेग याने कहव्यावर बंदी घातली. ती फार काळ टिकली नाही. मोखात तर कॉफी पिकतच नव्हती. आतल्या डोंगरांत, पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत ती पिके आणि बंदरावर येई. नाव बंदराचे झाले, घाम शेतकऱ्याचा राहिला.

हे पेयही बाबांच्या आधी हिंदुस्थानात पोहोचले होते. जहांगीरच्या काळात आलेल्या एडवर्ड टेरी या इंग्रज पाद्र्याने, धर्मनिष्ठ आणि दारू न पिणारे लोक कॉफी पितात, अशी नोंद केली आहे. म्हणजे बाबांचे श्रेय पेयाचे नाही, पिकाचे आहे. सात हा आकडा मात्र श्रद्धेचा. त्याला समकालीन कागदाचा आधार नाही.

१७९९ मध्ये टिपू सुलतान शहीद झाले. म्हैसूरवर इंग्रजांची पकड बसली आणि एकोणिसाव्या शतकात गोऱ्या मळेवाल्यांनी या डोंगरांत मोठाले मळे केले. त्यांची भाषा बाजाराच्या प्रतवारीत आजही आहे. गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका म्हणजे ‘प्लांटेशन’. तशीच धुतलेली रोबस्टा म्हणजे ‘पार्चमेंट’. फळासकट उन्हात वाळवली तर दोन्हींना ‘चेरी’ म्हणतात. पुढे टरफल काढून बिया चाळण्यांवर जातात. ७.१० मिलिमीटर भोकांच्या चाळणीवर राहते ती ‘एए’, ६.६५ मिलिमीटरच्या चाळणीवरची ‘ए’, ६ मिलिमीटरवरची ‘बी’. फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरली तर ती ‘पीबेरी’. तिची रास वेगळी. काळ्या, फुटक्या, किडक्या बिया हातांनी वेचाव्या लागतात आणि हे काम बहुधा बायकांच्या वाट्याला येते. ‘मॉन्सून्ड मलबार’ची तऱ्हा आणखी न्यारी. न धुतलेली कॉफी पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी हवेत पसरून ठेवतात. बी फुगते, फिकट पिवळी पडते, आंबटपणा जातो. शिडाच्या जहाजांतून महिनोन्‌महिने युरोपला जाताना कॉफीचे जे होई, तेच इथे मुद्दाम घडवतात.

चाळणी बीचा आकार सांगते, ती कोणाच्या हातून आली हे सांगत नाही. २०१९ मध्ये ‘बाबाबुडनगिरी अरेबिका’ला भौगोलिक मानांकन मिळाले आणि बाबांचे नाव सरकारी नोंदीत कॉफीशी जोडले गेले. त्याच डोंगरावरच्या गुहेत दत्तात्रेयाचे भक्त आणि दादा हयात मीर कलंदरांना मानणारे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र येत आले. तिच्या हक्कावरून मात्र अनेक दशके कोर्टकचेऱ्या चालल्या आहेत.

अशा वेळी आपण काय करावे? कॉफी आम्हीच जगाला दिली, अशी बढाई मारू नये आणि बाबांचे नाव कोणी पुसत असेल तर गप्पही बसू नये. इथिओपियाचे जंगल, येमेनचा शेतकरी, जागणारा सूफी, चिकमगळूरचा मजूर, बिया वेचणारी बाई, या सगळ्यांचे हात त्या एका पेल्याला लागले आहेत. दंतकथेचा कोंडा पाखडून टाकला तरी एवढे सत्त्व चाळणीवर उरतेच. ते कोणा एकाच्या मालकीचे नाही, आणि आपल्याला वगळून पुरेही होत नाही.