रानपिंगळ्याचा पुरावा : सात कातडी व एक खोटी खूणचिठ्ठी

पश्चिम खानदेशात १८८४ साली एक लहानसे घुबड मारले गेले आणि त्याचे कातडे भुसा-कापूस भरून संग्रहात ठेवण्यात आले. त्यानंतर एकशे तेरा वर्षे त्या जातीचा जिवंत पक्षी कोणाही पक्षिशास्त्रज्ञाने पाहिल्याची विश्वसनीय नोंद नाही. मराठीत आज आपण ज्याला रानपिंगळा म्हणतो, तो हा पक्षी. गावकुसाच्या वडा-पिंपळांवर राहणारा आणि ज्याच्या ओरडण्यावरून शकुन सांगण्याची परंपरा आपल्याकडे आहे तो ठिपकेदार पिंगळा वेगळा. दोघांत साम्य एवढे की, मधल्या काळात रानपिंगळा दिसल्याचे जे जे दावे झाले ते बहुधा या गावठी भावंडाचेच निघाले.

या पक्ष्याचे पुनर्दर्शन कसे झाले ही कथा वृत्तपत्रांतून पुष्कळदा येऊन गेली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तिच्या मागची गोष्ट हा आहे : ज्या जातीविषयीचे सारे ज्ञान मूठभर नमुन्यांवर उभे असते, तेथे त्यांतील एका नमुन्याची खूणचिठ्ठी खोटी निघाली तर काय होते?

प्रथम खऱ्या नमुन्यांचा इतिहास पाहू. डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना फुलझर भागात, म्हणजे आजच्या छत्तीसगडच्या पूर्व सीमेकडे, हा पक्षी मिळाला. त्यांनी तो ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे धाडला आणि ह्यूम यांनी १८७३ साली आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात त्याचे वर्णन केले. त्यासाठी त्यांनी ‘हेटेरोग्लॉक्स’ ही नवी प्रजाती कल्पिली आणि जातीला ब्लेविट यांचे नाव दिले. हे तेच ह्यूम, ज्यांचे नाव १८८५ च्या मुंबईतील पहिल्या काँग्रेस अधिवेशनाशी जोडलेले आहे. त्याच वर्षी त्यांचा प्रचंड पक्षिसंग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला. आदल्या हिवाळ्यात त्यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखित टिपणे सिमल्याच्या घरून कोणी रद्दीच्या भावाने विकून टाकली आणि त्या धक्क्याने त्यांचे पक्षिशास्त्रावरील मनच उडाले. भारतीय पक्षिशास्त्राची याहून मोठी हानी क्वचितच झाली असेल.

दुसरा नमुना भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांनी १८७७ साली खरियार येथे, म्हणजे आजच्या ओडिशात, मिळविला. उरलेले सारे जेम्स डेव्हिडसन यांचे. मुलकी सेवेतील हा अधिकारी खानदेशात असताना शहादे-तळोद्याकडच्या रानांतून हिंडत असे. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची त्याने केलेली यादी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही ती वाचण्याजोगी आहे. अशी एकूण सात कातडी. पूर्वेकडे दोन, पश्चिमेकडे खानदेशात बाकीची, आणि मध्ये शेकडो मैलांचा निःशब्द प्रदेश.

या सातांपैकी एका कातड्यावर मात्र डेव्हिडसन यांचे नाव राहिले नव्हते. त्यावर कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांची चिठ्ठी होती. तीनुसार हा पक्षी त्यांनी ऑक्टोबर १९१४ मध्ये तापीकाठी मांडवी येथे, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेत, मिळविला होता. कर्नलसाहेबांचा दबदबा मोठा होता. सैनिक, हेर आणि नामांकित पक्षिशास्त्रज्ञ अशी त्यांची ख्याती. सुमारे वीस हजार पक्ष्यांचा त्यांचा संग्रह १९५४ साली ब्रिटिश म्युझियमला मिळाला. याच संग्रहालयाने परवानगीवाचून नमुने हलविल्याबद्दल १९१९ च्या सुमारास त्यांना पक्षिदालनात काही काळ प्रवेशबंदी केली होती, ही गोष्ट दात्याच्या औदार्यापुढे विसरली गेली असावी. संस्थांची स्मृती अशा वेळी सोयीस्करपणे दुबळी होते.

चिठ्ठी ग्रंथांत शिरली आणि तिचे दोन परिणाम झाले. एक, जातीचे ‘शेवटचे दर्शन’ तीस वर्षांनी अलीकडे आले. दुसरे, तिच्या प्रदेशाच्या नकाशावर तापीकाठी एक खोटा बिंदू उमटला. तो बिंदू सर्वांत अलीकडचा, म्हणून शोध घेणाऱ्यांना स्वाभाविकपणे तोच सर्वांत आशादायक वाटला. त्या भागात झालेले शोध व्यर्थ गेले. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनाही या पक्ष्याचा माग लागला नाही. ही जात नामशेष झाली असावी असा तर्क दृढ होत गेला, तो काही अंशी अशा निष्फळ शोधांमुळेच.

पहिला तडा १९९३ साली गेला. ॲलन नॉक्स यांनी माइनर्ट्‌झहागेन संग्रहातील दुसऱ्याच एका पक्षिगटाचे नमुने तपासून ते चोरीचे असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर स्मिथसोनियन संस्थेच्या पामेला रासमुसेन या दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील ग्रंथाच्या कामासाठी या संग्रहाकडे वळल्या, आणि नायजेल कॉलर यांच्या साहाय्याने त्यांनी रानपिंगळ्याचे कातडे कसून तपासले. त्यांची पद्धत इतिहाससंशोधकाने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. कागदपत्राच्या परीक्षेत आपण हस्ताक्षर, शाई, कागद पाहतो. येथे त्यांनी हस्तकौशल्य पाहिले. कातडे सोलणे, भरणे, टाके घालणे यांत प्रत्येक संग्राहकाची एक लकब असते आणि ती सहीइतकीच व्यक्तिगत असते. क्ष-किरण चित्रांत हे कातडे एकदा उकलून पुन्हा भरल्याचे दिसून आले, आणि नव्या भरणाखाली उरलेल्या खुणा डेव्हिडसन यांच्या हाताशी जुळल्या. निष्कर्ष उघड होता : हा पक्षी १८८० च्या दशकात डेव्हिडसन यांनी मिळविलेला, पुढे संग्रहालयातून चोरलेला व खोट्या स्थळकाळासह परत ठेवलेला होता. या शोधाचा सविस्तर निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला.

परंतु त्याचे फळ त्याआधीच मिळाले होते. खोटा बिंदू पुसल्यावर जी खरी स्थळे उरली, तेवढीच धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले. पूर्वेकडील स्थळी रान जाऊन शेती झालेली. तेथे काही मिळाले नाही. मग ते खानदेशात उतरले, आणि २५ नोव्हेंबर रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी भर उजेडात त्यांना रानपिंगळा दिसला. डेव्हिडसन यांनी लिहून ठेवलेले स्थळ शतकानंतरही खरे ठरले.

पुढील वर्षांत फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी तोरणमाळ, तळोदे, मेळघाट आणि मध्य प्रदेशातील खकनार येथे या पक्ष्याचे वास्तव्य नोंदविले व त्याच्या जीवनक्रमाचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला. सागाची विरळ पानझडी राने, घरट्यासाठी जुन्या झाडांच्या ढोली, सरडे व उंदीर हे भक्ष्य, आणि घुबडाला न शोभणारी दिवसाची शिकार, अशी त्याची राहणी. मेळघाटातील पुढील कामाने ही माहिती वाढविली. २०१४ साली तो पश्चिम घाटाच्या पायथ्याशी तानसा अभयारण्यात आढळला, आणि त्यानंतर लवकरच डांगच्या पूर्णा अभयारण्यातही. २०१८ मध्ये जागतिक लाल यादीत त्याचा दर्जा अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्तवर आला. तरी प्रौढ पक्ष्यांची संख्या हजाराच्या आतच मानली जाते.

डांगमधील नोंदीमुळे एक प्रश्न विचारला जातो. दक्षिण गुजरातेत हा पक्षी खरोखरच राहत असेल तर कर्नलांची चिठ्ठी तेवढी खोटी कशी म्हणावी? हा युक्तिवाद मान्य करता येत नाही. साक्षीदाराने जे पाहिलेच नाही ते योगायोगाने खरे निघाले, म्हणून त्याची साक्ष ग्राह्य ठरत नाही. बनावट सनदेतील गाव खरोखर अस्तित्वात असते; सनद तरीही बनावटच राहते.

ह्यूम यांनी कल्पिलेल्या प्रजातीचा वादही मधल्या काळात चालूच होता. कोणी रानपिंगळ्यास ‘हेटेरोग्लॉक्स’मध्ये स्वतंत्र ठेवी, कोणी पिंगळ्यांच्या ‘अथीनी’ प्रजातीत घाली. २०१८ साली भारतीय संशोधकांनी मायटोकाँड्रियातील व केंद्रकातील जनुकांच्या तुलनेने तो ‘अथीनी’च्या शाखेतच मोडतो असे दाखविले.

आता या जातीचे पूर्वीचे जनुकीय वैविध्य किती होते आणि रानांचे तुकडे पडताना त्यातील किती गेले, हे विचारणे शक्य झाले आहे. जुन्या कातड्यांच्या पायाच्या तळव्यातील कपट्यातूनही डीएनए मिळविता येतो, आणि रानपिंगळ्याच्या बाबतीत जुना साठा म्हणजे ही सात कातडी. त्यांतील एकाचा डीएनए हाती आला तरी तो कोणत्या रानाचा, कोणत्या वर्षाचा, हे निश्चित सांगता येणार नाही. ते कातडे खानदेशचे, १८८० च्या दशकातले, इतकेच म्हणता येते. डेव्हिडसन यांनी बांधलेली मूळ चिठ्ठी काढून टाकण्यात आली, आणि तिच्यावरील तारीख तिच्याबरोबर गेली.