मैना आणि मुलूख : एका छक्कडीच्या अर्थाचा इतिहास

महाराष्ट्राच्या शाहिरी परंपरेत गाणे ऐकणे आणि त्याचा अर्थ उकलणे ही दोन कामे फारशी वेगळी मानली गेली नाहीत. शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले आणि शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले यांच्या फडांत रात्ररात्र जी झुंज चाले, तिचे मुख्य शस्त्र भेदिक लावणी हे होते. ‘भेद’ म्हणजे दडवलेले मर्म. अध्यात्म, पुराण किंवा देहतत्त्व यांविषयी एका शाहिराने कोड्यात घातलेला सवाल दुसऱ्याने तिथल्या तिथे गाऊनच सोडवावा लागे, आणि जमले नाही तर हार साऱ्या गावासमोर होई. शब्दांत दिसणारी नार ही नेहमी नारच असते असे नाही, ती मायाही असू शकते, हे अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यालाही या झुंजींमुळे ठाऊक झाले होते.

श्रोत्यांची ही सवय लक्षात घेतल्याशिवाय अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीला पुढे जे अर्थ चिकटले त्यांचा उलगडा होत नाही. छक्कड हा लावणीचाच एक ठसकेबाज प्रकार होय, आणि मैना हा लोकगीतांतील राघू-मैनेच्या जोडीतून आलेला, प्रिय स्त्रीसाठी रूढ असलेला शब्द. १९२० साली वाटेगाव येथे जन्मलेल्या अण्णाभाऊंनी बालवयातच कुटुंबासह पायी मुंबई गाठली, गिरणीत काम केले, नात्यातल्या तमाशा फडाचा अनुभव घेतला आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले. फडाची रीत आतून माहीत असल्यामुळेच त्यांना ती बदलता आली. तमाशाच्या आरंभीच्या गणात गणेशाला वंदन करण्याऐवजी त्यांनी मातृभूमीला आणि कष्टकऱ्याला वंदन केले.

छक्कडीचा पूर्वार्ध पोटासाठी मुंबईला निघालेल्या पुरुषाच्या तोंडी आहे. तो मागे राहिलेल्या पत्नीचे रूप, तिचा स्वभाव आणि निरोपाच्या वेळचे तिचे दुःख लावणीच्या शृंगारिक शैलीत सांगतो, पण या शृंगारात विलास नाही, कारण ज्या सुखाचे वर्णन चालले आहे ते सांगणाऱ्याच्या हाती उरलेलेच नाही. गिरणगावातील असंख्य कामगारांचे आयुष्य असेच होते : घाटावरून आणि कोकणातून आलेला पुरुष खोलीत दहाजणांबरोबर झोपे, खाणावळीत जेवे, आणि बायको गावी घर-शेत सांभाळी. पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या वैभवाची लावणी रचली होती. अण्णाभाऊंनी त्याच शहराची दुसरी बाजू स्वतःच्या ‘मुंबईची लावणी’त मांडली, आणि या छक्कडीतही गावाहून आलेल्या माणसाला मुंबईत भेटते ती हीच दुसरी बाजू.

यानंतर गाणे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याकडे वळते, तुटलेल्या मराठी मुलखाची नावे घेते आणि मैनेची भेट न होणे व महाराष्ट्र खंडित होणे यांची गत एकच असल्याचे सांगते. या वळणापाशीच अर्थाचा घोळ सुरू झाला. भेदिकाच्या सवयीने ऐकणाऱ्यांनी मैना म्हणजे बेळगाव, मैना म्हणजे सीमाभाग, असा थेट उलगडा केला. शाहिराने मात्र रूपक केलेले नाही, उपमा दिली आहे. रूपकात एक वस्तू दुसरीत विरून जाते, तर उपमेत दोन्ही आपापल्या जागी उभ्या राहतात. म्हणून मैनेला केवळ मुलखाचे चिन्ह ठरवले, तर गावी एकटी राहिलेली कष्टकरी बाई गाण्यातून पुसली जाते. उलट बाजूने, रंगमंचावर पूर्वार्ध तेवढा गाऊन थांबण्याचा जो प्रघात पडला त्याने ही छक्कड निव्वळ विरहगीत म्हणून ओळखली जाऊ लागली आणि तिच्यातील लढा गळून पडला. दोन्ही वाचनांपैकी दुसरे अधिक हानिकारक म्हटले पाहिजे, कारण पहिले निदान गाणे पूर्ण ऐकून चुकते.

शाहिराने विरहाची निवड केली यामागे राजकीय जाणही होती. राज्यांच्या सीमा हा विषय आयोगाच्या अहवालांचा आणि नकाशांचा होता. गिरणीच्या पाळीवरून आलेल्या कामगाराला तो त्या भाषेत आपला वाटला नसता, परंतु ताटातूट म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. त्याचे खाजगी दुःख आणि प्रदेशाचे सार्वजनिक दुःख एकाच चालीत बांधल्यामुळे सभेतला माणूस मागणीचा केवळ समर्थक न राहता तिचा वादी झाला.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. बेळगाव, निपाणी आणि कारवार तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिले, तर डांग व उंबरगाव गुजरातेत गेले. अण्णाभाऊंचे निधन १८ जुलै १९६९ रोजी झाले. ही छक्कड आजही जे गातात त्यांनी ती शेवटच्या कडव्यापर्यंत गावी.