जे बदललं नाही, ते पाठवायचं नाही

आजचा विषय जिफ. आधीच सांगून टाकतो, हा फॉरमॅट हलत्या चित्रांसाठी बनलेलाच नव्हता. जून १९८७ मध्ये अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आणला, तो रंगीत चित्रं टेलिफोनच्या तारेवरून लवकर पोचावीत म्हणून. १९८९ च्या आवृत्तीत दोन चौकटींमधला वेळ ठरवण्याची आणि पारदर्शक रंगाची सोय आली. तरी हा ॲनिमेशनचा मंच नव्हे, असं तिच्या तपशीलपत्रातच लिहिलेलं आहे. पण नेटस्केप नॅव्हिगेटर २.० ने चित्र पुन्हा पुन्हा फिरवत ठेवण्याची सोय घातली, आणि बघता बघता वेब भरून गेलं. फिरते पृथ्वीगोल, आणि ‘काम चालू आहे’ म्हणत फावडं मारणारा तो मजूर!

आता हिशेब करू. १०० बाय १०० ठिपक्यांची चौकट, ठिपक्याला एक बाइट, म्हणजे १०,००० बाइट. अशा २० चौकटी म्हणजे दोन लाख. त्या काळचा २८.८ किलोबिटचा मोडेम सेकंदाला फार तर ३,६०० बाइट आणणार. एका इवल्याशा मजुरासाठी जवळजवळ मिनिटभर कोण थांबणार?

दाबण्याची युक्ती जिफमध्ये होतीच: एलझेडडब्ल्यू, म्हणजे लेम्पेल, झिव आणि वेल्च. जमाखर्चाच्या वहीत तोच मजकूर पुन्हा न लिहिता खाली ‘कित्ता’ लिहीत ना, तसंच हे. रंगांची एखादी मालिका आली की ती कोशात जाते, तिला क्रमांक मिळतो. पुन्हा आली की नुसता क्रमांक. वाचन ओळीओळीने, डावीकडून उजवीकडे. त्यामुळे सपाट रंग स्वस्त पडतो. वरून खाली फिका होत जाणारा रंगही परवडतो, पण तोच डावीकडून उजवीकडे फिका होऊ लागला की महागात जातो. आणि सगळ्यात महाग म्हणजे डिदरिंग. एका चौकटीला २५६ च रंग मिळतात, म्हणून दोन रंगांचे ठिपके मिसळून तिसऱ्याचा भास करायचा. डोळ्याला छान दिसतं. पण शेजारशेजारचे ठिपके सारखे नसले की ‘कित्ता’ लिहायचा कुठे? त्यात दर चौकटीत ते ठिपके वेगळ्या जागी पडले, तर न हललेली भिंतसुद्धा हलल्यासारखी मोजली जाते.

म्हणून त्या वेळचे चित्रकार कसे काम करत, ते बघण्यासारखं आहे. रंग ३२ वर, कधी १६ वर आणायचे. चौकटी गाळायच्या आणि उरलेल्या जरा जास्त वेळ थांबवायच्या. मुख्य म्हणजे, पहिली चौकट पूर्ण पाठवायची आणि पुढे फक्त मजुराचा हात आणि फावडं मावेल एवढाच आयत. त्या आयतातही न बदललेले ठिपके पारदर्शक करायचे: मागचं दिसतंय ना, मग तेच राहू दे. अर्ल हर्ड यांनी १९१४ च्या सुमारास पारदर्शक सेल्युलॉइडवर फक्त हलणारा भाग काढण्याची पद्धत आणली, तिचाच हा वारस. तिथे कष्ट वाचत होते, इथे बाइट.

पण या ‘कित्त्या’वर मालकी होती. वेल्च यांच्या पद्धतीचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं, आणि डिसेंबर १९९४ मध्ये जिफ वापरणारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना परवाना शुल्क लागणार असं जाहीर झालं. लोक संतापले. त्या संतापातून पीएनजी जन्मला; १९९६ मध्ये वेबच्या मानक संस्थेने त्याची शिफारसही केली. स्थिर चित्रांसाठी तो माझ्या मते सरसच होता. पण त्याच्या कर्त्यांनी ॲनिमेशन मुद्दाम बाहेर ठेवलं. झालं! ज्या कामासाठी जिफ बनला नव्हता, त्याच कामाने त्याला तारलं. अमेरिकेतलं ते पेटंट २००३ मध्ये संपलं, तोवर मजूर फावडं मारतच होता.

जिफची खरी मर्यादा वेगळीच आहे. ‘हे फावडं चार ठिपके उजवीकडे सरकलं’ असं त्याला सांगताच येत नाही. नव्या जागी ते पुन्हा रंगवावं लागतं. व्हिडिओच्या फॉरमॅटना ते सांगता येतं. म्हणूनच २०१४ मध्ये ट्विटरवर जिफ टाकली, की ती आतल्या आत एमपी४ होऊन जायची. लोक मात्र तिला जिफच म्हणत राहिले.