कोरलईच्या किल्ल्यावर तान्ह्या बाळासोबत

सात महिन्यांच्या बाळाला झोळीत घेऊन आम्ही रेवदंड्याजवळचा कोरलईचा किल्ला चढलो. सासूबाई कुरकुरल्या, "दगड बघायला एवढी चढण?" १५९४ साली पोर्तुगीजांनी हा किल्ला निजामशाहीकडून घेतला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. वर तोफा आहेत, पडकं चर्च आहे. त्याच्याच सावलीत बाळाला पाजलं.

खाली गावात पाणी मागितलं, तर एक आजी बाळाशी वेगळ्याच बोलीत बोलू लागल्या. ती क्रिस्ती, पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली. पोर्तुगीज गेले, तरी पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ आयांनी ती लेकरांशी बोलत जपली. "आता नातवंडं मराठीतच उत्तर देतात," आजी म्हणाल्या.

सासूबाई गप्प झाल्या. त्यांची आगरी बोली आम्हीही बाळासमोर बोलत नाही.