आलिसिया द लारोचा : वाद्यपरंपरा आणि तिचा पुरावा

संगीताचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास एक अडचण पदोपदीं आडवी येते. राजाची सनद दप्तरांत सांपडते, कवीची ओळ पोथींत टिकते. पण वादकाचा हात त्याच्याबरोबरच जातो. मग अमुक वादनपद्धति अमुक गुरूची, हें कोणत्या आधारावर म्हणावें? स्पेनच्या सुप्रसिद्ध पियानोवादिका आलिसिया द लारोचा (१९२३–२००९) यांचें चरित्र व त्यांच्या ध्वनिमुद्रिका या प्रश्नाच्या विचारास फार उपयोगी पडतात, म्हणून त्यांजकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या परंपरेचे मूळ पुरुष एन्रिके ग्रानादोस. रचनाकार व वादक या दोन्ही नात्यांनीं नांवाजलेल्या या गृहस्थांनीं १९०१ सालीं बार्सेलोना येथें संगीतशाळा काढली. चित्रकार गोयाच्या सृष्टीवरून सुचलेली त्यांची 'गोयेस्कास' ही पियानोची रचनामाला १९११ सालीं पुढें आली, व तिच्यावरून रचलेला ऑपेरा १९१६ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें झाला. तेथून परततांना, २४ मार्च १९१६ रोजीं, 'ससेक्स' आगबोटीवर जर्मन पाणबुडीचा हल्ला होऊन ग्रानादोस पति-पत्नी इंग्लिश खाडींत प्राणांस मुकलीं. शाळा त्यांचे शिष्य फ्रँक मार्शल यांनीं पुढें चालविली.

लारोचाबाईंचा जन्म बार्सेलोनांत, या घटनेनंतर सात वर्षांनीं झाला. ग्रानादोस यांना त्यांनीं पाहिलेंही नाहीं. पण त्यांची आई ग्रानादोस यांजपाशीं शिकलेली होती, आणि स्वतः त्या अगदीं लहानपणींच मार्शल यांच्या हाताखालीं गेल्या. १९२९ च्या बार्सेलोना येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत त्यांनीं वादन केलें. नवव्या वर्षीं शोपँच्या रचनांची ध्वनिमुद्रिकाही निघाली. १९५९ सालीं मार्शल निवर्तले, तेव्हां शाळेची धुरा बाईंकडे आली.

आतां पुराव्याकडे वळूं. ग्रानादोस यांची छापील स्वरलिपि आहे. त्यांनीं स्वतः वाजवून करून ठेविलेले पियानो-रोलही आहेत. मग तिसरा साक्षीदार कशास हवा, असें कोणी विचारील. याचें उत्तर ग्रानादोस यांच्या शिक्षणपद्धतींतच आहे. तारांवरील दाबक उचलून सूर लांबविणारें जें पायाचें पेडल, त्याच्या सूक्ष्म वापरावर त्यांचा मोठा कटाक्ष होता. हें पेडल कितपत दाबावें व कोणत्या क्षणीं सोडावें, हें स्वरलिपींत पुरतें लिहितां येत नाहीं. कागदी पट्टीवरील भोंकें कोणता सूर केव्हां वाजला हें सांगतात. त्यांतून बोटांचें वजन यथातथ्य परत येईलच असें नाहीं. हें ज्ञान गुरूशेजारीं बसून कानांनींच घ्यावें लागतें. आपल्याकडे जिला घराण्याची तालीम म्हणतात, तीच ही.

तथापि शिष्येची शिष्या ती मूळ गुरूचीच प्रतिमा, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. उंचीनें पांच फुटांहूनही कमी व हातानें लहान अशा बाईंना गुरूचें अनुकरण करून भागण्यासारखें नव्हतें. आल्बेनिझ यांची १९०५ ते १९०८ या काळांत रचलेली, बारा भागांची 'इबेरिया' ही रचना मोठ्या पंजाच्या वादकांसही जेरीस आणते. ती त्यांनीं आयुष्यांत वारंवार ध्वनिमुद्रित केली, आणि १९७५ व १९८९ अशा दोन वेळां त्याच रचनेच्या निरनिराळ्या मुद्रणांस अमेरिकेचें ग्रॅमी पारितोषिक मिळालें. 'गोयेस्कास'च्या मुद्रणासही तें १९९२ सालीं लाभलें. एकच रचना पुनः पुनः मुद्रित करणें हें, पूर्वी म्हटलेला शब्द अखेरचा नव्हे, याची कबुलीच होय. शिवाय परंपरा त्यांच्यापाशीं गोठली नाहीं. मोंपू यांनीं आपल्या 'मूसिका कायादा'चा चौथा भाग त्यांना अर्पण केला, व १९७२ सालीं त्यांनींच तो प्रथम लोकांस ऐकविला. मोझार्टही त्यांच्या वादनांत आल्बेनिझइतकाच घरचा होता. तेव्हां केवळ 'स्पॅनिश' ही उपाधि त्यांना अपुरीच पडते.

२००३ सालीं त्यांनीं रंगमंचाचा निरोप घेतला. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत ग्रानादोस यांचा हात शोधूं जाणाऱ्याची निराशा होईल. तो हात १९१६ सालींच बुडाला. पण त्या हातानें लाविलेलें वळण दोन पिढ्यांनंतर किती जिवंत राहूं शकतें, याचा पुरावा त्यांत खचित आहे. आणि इतिहासकारास याहून अधिक मागण्याचा अधिकार नाहीं, असें आम्हांस वाटतें.