पडद्यावरच्या तीन आया

गुन्हेगारीच्या चित्रपटांत पोलीस असतात, टोळ्या असतात. पण आपल्या हिंदी चित्रपटात खरं कोर्ट भरतं ते घरात, आणि तिथे न्यायाधीश असते आई.

मेहबूब खान यांचा ‘मदर इंडिया’ १९५७चा. सावकार सुखीलालाला मारून बिरजू त्याच्या मुलीला लग्नघरातून पळवतो, तेव्हा राधा स्वतःच्या मुलावर बंदूक चालवते. गावची लेक ती आपली लेक, ही रीत पोटच्या पोरापेक्षा मोठी होती. गोळी सुटल्यावर ती आई होऊन धावते. त्याआधी ती गाव असते.

१९७५ साली यश चोप्रांचा, सलीम-जावेद यांनी लिहिलेला ‘दीवार’ आला. कामगार पुढारी असलेला बाप परागंदा, गोदीत हमाली करणारा विजय तस्कर झालेला. त्याच्या बिल्ल्यावरच्या ७८६चं मोल त्याला रहीमचाचा सांगतो, याचं आमच्या मोहल्ल्याला कोण कौतुक! आई विजयचा बंगला सोडून इन्स्पेक्टर मुलाकडे जाते, त्याच्या हाती पिस्तूलही तीच देते. रीत शाबूत आहे. पण ती पाळायला आता खाकी वर्दी लागते.

मग १९८२चा गिरणी संप आला. अडीच लाख कामगारांच्या चुली त्यात होरपळल्या. बापाच्या जागी मुलगा गिरणीत लागायचा, ती वाटच बंद झाली. महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ १९९९चा, तोही चाळीतल्या बेकार पोरांचाच. रघू पावभाजीची गाडी टाकतो, तिथल्या भांडणातून खून होतो आणि तो टोळीत जातो. पन्नास तोळ्यांची साखळी आणून आईला दाखवतो. शेवटी खचलेला रघू तिच्याकडे सुटका मागतो आणि ती गोळी घालते. बिरजू झाले होते सुनील दत्त. रघू झाला त्यांचा मुलगा संजय. पण या गोळीमागे गाव नाही, कायदा नाही. उरली आहे फक्त दया.

‘वास्तव’ मी अम्मीबरोबर पाहिला. वाटलं, ती रडेल. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “साखळी आणली त्याच दिवशी विचारायचं होतं, कुठून आणलीस म्हणून.”

मी गप्प झालो. त्याच महिन्यात माझ्या धाकट्या भावानं घरी नवाकोरा रंगीत टीव्ही आणला होता. त्याला धड नोकरी नव्हती. आम्ही कुणी काही विचारलं नव्हतं; संध्याकाळी सगळे मिळून मालिका पाहत होतो.

घरी आल्यावर अम्मीनं टीव्हीवर चादर टाकली, आणि भाऊ येईपर्यंत ती दारात बसून राहिली.