कर्ज वाईट नसतं, पत वाईट असते

'मराठे एवढे शूर, मग इंग्रज कसे जिंकले?' मुलं हे कधी ना कधी विचारतातच. कारणं बरीच आहेत. मी सीए, म्हणून हिशेबातलं एक सांगते.

कर्ज दोघांच्याही डोक्यावर होतं. सावकारांच्या तगाद्याने पहिले बाजीराव किती गांजले होते, हे त्यांच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत दिसतं. ते कर्ज पेशव्यांच्या शब्दावर घेतलेलं, फेडायचं मोहिमेच्या वसुलीतून. वसुली लांबली की सावकार दारात!

इंग्लंडने १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड काढली. फ्रान्सशी युद्ध चालू होतं. बँकेने सरकारला १२ लाख पौंड ८ टक्क्यांनी दिले आणि व्याजासाठी संसदेने ठरावीक कर बांधून दिले. राजा गेला तरी व्याज थांबणार नाही, ही खात्री. म्हणून १७५० नंतर त्यांना ३ टक्क्यांनीही पैसे मिळू लागले. १८१५ मध्ये, वॉटर्लूच्या वर्षी, कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीच्या आसपास होतं, तरी देश बुडाला नाही.

आणि भारतात कंपनीच्या फौजांना पैसा पुरवणाऱ्यांत आपल्याकडचेच सावकार होते. तलवारीइतकीच पतही लढते, हे मुलांना जरूर सांगा.